मीटिंग मिळते, शेवटची एसटी चुकते

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना, जिला सगळे ए.ए. म्हणतात, ती कोकणात पारखायची तर दोन हिशेब वेगळे मांडावे लागतात. खोलीच्या आत काय मिळतं हा एक, आणि त्या खोलीपर्यंत पोचायचं कसं हा दुसरा. परळ-दादरच्या माणसाला दुसरा हिशेब मांडावाच लागत नाही. आजची मीटिंग हुकली तर उद्याची, इथली हुकली तर पुढच्या स्टेशनावरची. मंडणगड, गुहागर, देवगड, दोडामार्गच्या माणसाचं गाडं मात्र दुसऱ्या हिशेबावरच अडतं. आतल्या कामाला आम्ही दहापैकी आठ गुण देतो, पोचण्याच्या सोयीला चार. जून ते सप्टेंबर त्यातला आणखी एक कापा.

आधी ही वस्तू काय आहे ते. ए.ए. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झाली. भारतात ती १९५७ पासून आहे. हा दवाखाना नाही, व्यसनमुक्ती केंद्र नाही, सरकारी योजना नाही आणि कुठल्या संप्रदायाची शाखाही नाही. दारू सुटावी अशी इच्छा असलेली माणसं ठरल्या दिवशी, ठरल्या जागी तास-दीड तास बसतात आणि आपापलं सांगतात. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड नाही. शेवटी एक डबा किंवा पिशवी फिरते, तीत सभासद दहा-वीस रुपये टाकतात; खोलीचं भाडं, चहा आणि पत्रकं त्यातून भागतात. नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी कोणी बघत नाही. बाहेरची देणगी घ्यायची नाही, हा त्यांच्या बारा परंपरांपैकी, म्हणजे ग्रुप कसे चालवायचे याच्या नियमांपैकी, सातवा. गावातला पुढारी 'भाडं मी भरतो' म्हणाला तरी नको म्हणतात, आणि ते बरंच आहे. नाहीतर भिंतीवर वाढदिवसाचा फ्लेक्स लागायला कितीसा वेळ लागला असता?

उपयोग होतो का? २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि ए.ए.शी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार हे इतर प्रस्थापित मानसोपचारांइतके, आणि कित्येकदा त्यांहून सरस ठरले. यातलं 'जोडून देणारे' विसरू नका. डॉक्टरने चिठ्ठीवर 'ए.ए.ला जा' लिहून देणं वेगळं. समोर बसलेला असतानाच तिथल्या सभासदाला फोन लावून दोघांचं बोलणं करून देणं वेगळं. नुसता 'जा' म्हणून सोडलेला माणूस बहुतेकदा एसटी स्टँडवरूनच परत फिरतो.

पत्ता काढणे

खात्रीचा रस्ता एकच: फोन. ए.ए.चं भारताचं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत भायखळ्याला आहे. त्यांच्या संकेतस्थळावर हेल्पलाइनचा नंबर असतो. तिथून तुमच्या भागातल्या सभासदाचा नंबर घ्यायचा. दुसरा रस्ता जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागाचा: अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोस. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. महाराष्ट्रात अशी सरकारी मनोरुग्णालयं चारच, त्यातलं हे एक. नावाने बिचकू नका, बाह्यरुग्ण विभागात कागद काढून, डॉक्टरला भेटून त्याच दिवशी घरी येता येतं. तिथल्या समाजसेवा अधीक्षकाला 'जवळची ए.ए. मीटिंग कुठली' असं थेट विचारा. तिसरा रस्ता सरकारी फोनचा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. टेलिमानस चोवीस तास चालतं आणि मराठीत बोलतं. रात्री दोन वाजता तळमळ सुटली तर ए.ए.च्या माणसाला उठवायच्या आधी हा नंबर हाताशी ठेवावा.

गाववार यादी आम्ही इथे मुद्दाम देत नाही. कोकणातला ग्रुप तीन-चार जुन्या सभासदांच्या जिवावर चालतो. एकाची बदली झाली, एकाच्या घरी आजारपण आलं, शाळेच्या नव्या मुख्याध्यापकाने वर्ग द्यायला नकार दिला, की वार बदलतो, जागा बदलते किंवा मीटिंग तीन महिने बंद राहते. छापलेली यादी मागेच राहते. पहिल्यांदा जाणाऱ्याला बंद दारापुढे उभं राहावं लागलं तर तो दुसऱ्यांदा सहसा येत नाही. म्हणून नियम साधा ठेवा: ज्या दिवशी जायचं, त्याच दिवशी दुपारी फोन करून 'आज आहे ना?' विचारायचं.

फोनवर पलीकडे पगारी माणूस नसतो. तो दुकानात असेल, बागेत असेल, गाडी चालवत असेल. उचलला नाही तर संध्याकाळी सहानंतर पुन्हा करा, किंवा 'मीटिंगबद्दल विचारायचं आहे' एवढाच मेसेज टाका. नाव सांगायची सक्ती नाही. विचारायचं ते असं: मीटिंग कुठल्या वारी आणि किती वाजता सुरू होऊन किती वाजता सुटते, इमारतीचं नाव काय आणि खोली कुठल्या बाजूला, मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, कारण क्लोज्ड मीटिंगला फक्त दारूची अडचण असलेलीच माणसं बसतात, ओपनला बायको, भाऊ, डॉक्टर कोणीही येऊ शकतं, आणि शेवटचं, 'पंधरा मिनिटं आधी बाहेर कोण भेटेल का?' हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. बहुतेक जण हो म्हणतात, आणि दारात ओळखीचा आवाज असला की पाय आत जातो.

नकाशावरच्या खुणेवर विसंबू नये. खूण शाळेची असते, शाळेचं पुढचं फाटक संध्याकाळी बंद असतं आणि मीटिंग मागच्या बाजूच्या वर्गात भरते. बाहेर निळ्या वर्तुळातल्या त्रिकोणाचं छोटं चिन्ह लावलेलं असतं, पण ते मीटिंगच्या वेळेपुरतंच. चहाच्या टपरीवर विचारायची वेळ आलीच तर शाळेचं, चर्चच्या हॉलचं किंवा वाचनालयाचं नाव विचारा.

जाणं एक वेळ जमतं, परतणं अवघड

नोकरी-धंदा आटोपून यावं म्हणून मीटिंग सहसा संध्याकाळी सहा-साडेसहानंतर असते. सुटायला आठ. गावाकडची वस्तीची गाडी तोवर डेपोतून निघून गेलेली असते. कोकणातल्या ए.ए.चा सगळ्यात मोठा दोष हाच, आणि तो ए.ए.ने केलेला नाही. तरी ग्रुपांनी थोडं डोकं चालवलं तर बराच सुटेल. रविवारी सकाळी दहाची मीटिंग ठेवली तर वाडीवरचा माणूस सकाळच्या गाडीने येऊन दुपारच्या गाडीने घरी जातो, वर बाजारही होतो. अशी सकाळची मीटिंग जवळपास असेल तर आमचा कौल डोळे झाकून तिला.

संध्याकाळचीच असेल तर पहिल्या फोनमध्येच सांगून टाका: 'मला साडेसातची गाडी आहे, मध्येच उठेन.' चालतं. अर्धी मीटिंग म्हणजे काहीच नाही असं नसतं. परतीला कोणा सभासदाच्या दुचाकीवर जागा मिळते का, हेही विचारायला लाजू नये. येणारे बरेच जण एकाच रस्त्याचे निघतात. खाडीपलीकडून येणाऱ्याने फेरीबोटीची शेवटची वेळ त्या दिवशीची विचारून ठेवावी. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे फेरी चुकली तर वळसा साधासुधा नसतो. कोकण रेल्वेचा उपयोग वाटतो त्याहून कमी, कारण बरीच स्थानकं गावाबाहेर आहेत आणि रिक्षाचं भाडं तिकिटाच्या कितीतरी पट होतं. शिवाय पावसाळ्यात रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. मे महिन्यात जमवलेली गाडी जुलैत जमेलच असं नाही.

पावसात वीज जाते, ओढ्याला पाणी येतं, दरड येते, मीटिंगला चार-पाचच जण उरतात. ग्रुप बंद पडतात ते बहुधा याच महिन्यांत. पण एका धंद्याला हाच काळ सोयीचा आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. एरवी दिवसचे दिवस समुद्रात असलेल्या खलाशाला आणि तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, मीटिंगचा वार पाळणं अशक्य. या दोन महिन्यांत होड्या वर ओढलेल्या असतात. हात रिकामे असल्याने पिणंही याच दिवसांत वाढतं, हे बंदरावर कोणाला सांगायला नको. हर्णै, मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ल्याच्या माणसाने सुरुवात करायची तर जूनच्या पहिल्या आठवड्यात करावी. ऑगस्टमध्ये बोटी बाहेर पडेपर्यंत आठ-नऊ मीटिंगा पदरात पडतात आणि तोंडओळखीची चार माणसं होतात.

'कोणाचो रे तू?'

ए.ए.मध्ये आडनाव सांगत नाहीत. मुंबईत तेवढं पुरतं. इथे चेहरा बघून घराणं ओळखणारी माणसं आहेत आणि पहिला प्रश्नच 'कोणाचो रे तू?' असा असतो. तेव्हा नाव लपवून फार काही लपत नाही, हे धरूनच चालावं. शिक्षक, पोलीस, एसटीचा चालक, बँकेतला कारकून यांना याची धास्ती जास्त असते, आणि ती उगाच नसते.

यावर तोडगा शेजारच्या तालुक्याचा. देवगडच्या माणसाने कणकवली-कुडाळकडची मीटिंग शोधावी, दापोलीकराने खेड-चिपळूणकडची. गाडीचा खर्च वाढतो, पण पहिले दोन-तीन महिने मोकळं बोलता येतं. मग कित्येकांना आपल्याच गावात बसायला काही वाटेनासं होतं. दुचाकी मीटिंगच्या दारात न लावता बाजारात लावावी, गावात माणसाआधी गाडी ओळखतात. आणि आत जर ओळखीचा चेहरा दिसलाच, तर तोही त्याच कामाला आलेला आहे. तुम्हाला जितकी भीती तितकीच त्यालाही. बाहेर भेटल्यावर तुम्ही ओळख दाखवल्याशिवाय जुना सभासद ओळख दाखवत नाही. नव्यांकडून मात्र हे कधी कधी मोडतं, आणि मोडलं की ग्रुपमध्ये स्पष्ट बोलावं.

व्हॉट्सॲप ग्रुप ही नवी डोकेदुखी. ग्रुपमध्ये घेतलं की तुमचा नंबर, फोटो आणि स्टेटस सगळ्यांना दिसतं. आधी फोटो काढून टाका, मगच हो म्हणा. किंवा 'ग्रुपमध्ये नको, मेसेज मला वेगळा पाठवा' असं सांगा. मीटिंगच्या खोलीत फोटो काढणारा कोणी असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

मीटिंगच्या आधी शरीर

हा भाग मीटिंगचा नाही, तरी सगळ्यात जास्त जागा यालाच दिली पाहिजे. रोज पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घोट घेतला की थांबतात अशा माणसाने, मीटिंगला जाऊन आल्याच्या उत्साहात एकदम दारू बंद करू नये. आधी डॉक्टर. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, कोणी हाका मारतंय असं वाटतं, वार-तारीख कळत नाही, अंग तापतं, माणूस अंथरुणातून उठून पळू बघतो. यात जीव जाऊ शकतो.

आणि इथे कोकणात नेमकी चूक होते. हा तिसऱ्या दिवशीचा भ्रम बघून घरचे 'बाहेरचं लागलं' म्हणतात. कौल लावायला, गाऱ्हाणं घालायला धावतात. त्यात रात्र जाते. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, पण एकाने देवळात जावं आणि दुसऱ्याने त्याच मिनिटाला १०८ लावावा. पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट आलेली असेल, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, वय झालेलं असेल, तर दारू थांबवणं रुग्णालयात दाखल होऊनच करावं. दारू सोडवताना डॉक्टर काही दिवस कमी-कमी करत जाणाऱ्या शांत करणाऱ्या गोळ्या देतात आणि बी-१ जीवनसत्त्व देतात. हे बी-१ ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी जाणं गरजेचं असतं. 'एक बाटली लावून आणतो, उतरेल' या सवयीत ते राहून जातं, आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरला दारूचं खरं प्रमाण सांगा: रोज किती क्वार्टर, कधीपासून, शेवटची कधी. लाजेने अर्धं सांगितलं तर औषधही अर्धं पडतं.

डायसल्फिराम नावाची गोळीही डॉक्टर कधी कधी देतात. ती चालू असताना दारू पोटात गेली तर तोंड लालबुंद होतं, उलट्या, धाप, छातीत धडधड, रक्तदाब एकदम खाली. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. 'न कळत जेवणातून द्या, दारू सुटेल' अशा जाहिराती रंगवलेल्या भिंती आणि खांब सगळीकडे आहेत. त्या पुडीत काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. घेऊ नका. अशी गोळी चालू असलेल्याने खोकल्याची औषधं बघून घ्यावी, आणि आयुर्वेदिक आसवं-अरिष्टंही. त्यांत मुरवणीतून तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं. सोलकढीला मात्र कोणाची हरकत नाही.

आत काय होतं

वर्तुळात किंवा रांगेत खुर्च्या, कधी शाळेची बाकं. सुरुवातीला प्रार्थना, ए.ए. म्हणजे काय याचा छोटा उतारा, बारा पायऱ्यांचं, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या टप्प्यांचं, वाचन. मग एकेक जण: 'माझं नाव अमुक, मी एक अल्कोहोलिक.' नंतर पाच-सात मिनिटं आपलं शेअरिंग. मध्ये कोणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, वाद घालायचा नाही. नव्या माणसाने 'आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी पुरतं. पिऊन आलेल्यालाही हाकलत नाहीत. गप्प बसून ऐक, बोलू नको, एवढंच सांगतात. शेवटी चहा-बिस्किट, आणि ज्यांचा महिना, तीन महिने, वर्ष पूर्ण झालं त्यांना टाळ्या, कधी मेडल, वर्षाच्या बर्थडेला केक.

खरं काम चहाच्या वेळी होतं. दोन-तीन फोन नंबर तिथेच घ्यायचे, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्या दिवशी, अगदी काही कारण नसताना, फोन करायचा. कारण नसताना एकदा फोन केलेला असला की कारण असताना करायला जड जात नाही. काही महिन्यांनी यातूनच स्पॉन्सर निवडतात, म्हणजे पायऱ्यांतून बोट धरून नेणारा जुना सभासद. स्पॉन्सर पुरुषाला पुरुष, बाईला बाई, असा संकेत आहे. उधार मागणारा किंवा धंद्यात भागी मागणारा स्पॉन्सर लगेच बदलावा.

कोकणी माणसाला यातलं सगळ्यात नवं काय असेल, तर शपथ नसणं. आपल्याकडे दारू सोडायची रीत ठरलेली आहे. देवळात नारळ ठेवून शपथ घ्यायची, पाच माणसांसमोर. किंवा माळ घालायची. माळ घालून कायमचे सुटलेले पुष्कळ आहेत, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण शपथ मोडली की माणूस दोनदा बुडतो: एकदा दारूत आणि एकदा देवाच्या भीतीत, आणि ती भीती घालवायला पुन्हा पितो. ए.ए. म्हणते, आयुष्यभराचं सोड, आजचा दिवस पिऊ नको. फार झालं तर पुढचा एक तास. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा पिणं झालं, तर परत येऊन सांगायचं, 'आज माझा पहिला दिवस.' माळकऱ्याला, चर्चला जाणाऱ्याला, नमाज पढणाऱ्याला आणि देव न मानणाऱ्याला एकाच बाकावर बसवायची सोय यात आहे. पायऱ्यांत 'उच्च शक्ती' येते. ती कोणती हे ज्याने-त्याने ठरवायचं. काही ग्रुपांत देवाचा सूर जरा जास्तच लागतो. नास्तिकाने ग्रुपलाच उच्च शक्ती धरावं, तसं धरणारे बरेच असतात.

माडीचा प्रश्न दर वेळी निघतो. 'माडी काय दारू नाही, झाडाची आहे.' पहाटे उतरवलेली ताजी नीरा गोड असते; काही तासांतच आंबते आणि तिची माडी होते, त्यात बिअरइतकं अल्कोहोल असतं. ए.ए.चं उत्तर ठाम: पहिला घोट, मग तो माडीचा, काजूच्या फेणीचा की गोवा बनावटीच्या बाटलीचा, सारखाच. राखणेचं तीर्थही त्यातच आलं. ज्या गावांत राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, दारूचा मान असतो तिथे मान देणारा दुसरा कोणी नेमावा. भाऊबंदांतल्या एखाद्याला आधी सांगून ठेवलं तर वेळेवर शोभा होत नाही.

आता खोड्या. साडेसहाची मीटिंग सातला सुरू करणारे ग्रुप आहेत, आणि ज्याला गाडी गाठायची आहे त्याचं नुकसान त्यांच्या लक्षात येत नाही. एखादा जुना सभासद वीस मिनिटं तीच कहाणी सांगतो, अध्यक्ष थांबवत नाही. काही जण मानसोपचाराच्या गोळ्यांनाही 'नशाच' म्हणतात आणि बंद करायला सांगतात. हे साफ चुकीचं आहे. कोणा सभासदाने डॉक्टर होऊ नये असं ए.ए.चंच म्हणणं आहे. नैराश्याची किंवा फिटची गोळी अशी कोणाच्या सांगण्यावरून थांबवू नका. आणि मुख्य उणीव बायकांची. पिणाऱ्या बायका कोकणात नाहीत असं मानून चालणाऱ्या खोलीत पंधरा पुरुषांसमोर एकटीने बसणं कठीण. तिने फोनवरच 'बाई सभासदाशी बोलायचं आहे' असं मागावं. मुंबई-पुण्याच्या किंवा गोव्याच्या बाई सभासदाशी जोडून देतात, आणि बायकांच्या ऑनलाइन मीटिंगाही असतात.

ऑनलाइन, घरचे, आणि पाहुणे

'नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा' हा शहरी सल्ला इथे हवेत जातो. आठवड्याला एकच मीटिंग असेल तर आम्ही असं जमवायला सांगू: एक प्रत्यक्ष, तीन ऑनलाइन, उरलेल्या दिवशी एक फोन. मराठी आणि हिंदी मीटिंगा झूमवर रोज असतात, दुवा हेल्पलाइनवरून मिळतो. शिरायच्या आधी झूममधलं नाव बदला, तिथे फोनमालकाचं पूर्ण नाव आपोआप येतं, आणि बायकोचा किंवा मुलाचा फोन असेल तर त्यांचं येतं. इअरफोन घाला, व्हिडिओ बंद ठेवा, डेटाही वाचतो. रेंज जिथे येते तिथेच, मग ते खळं असो नाहीतर आंब्याखालचा दगड, बसावं लागतं. तिथे शेजारी काय ऐकेल याचा विचार आधी करावा. ऑनलाइनला आम्ही सहा गुण देतो. नसल्यापेक्षा कितीतरी बरं, पण चहा नाही.

घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे, १९५१ पासूनची. तिथे पिणाऱ्याला सुधारायचं शिकवत नाहीत, घरच्यांनी स्वतः कसं सावरायचं ते शिकवतात. किनाऱ्यावर तिच्या मीटिंगा ए.ए.पेक्षाही विरळ, म्हणून बहुतेकांना ऑनलाइनच बसावं लागतं. नवऱ्याला फसवून 'लग्नाला जाऊ' म्हणत मीटिंगला नेऊ नये. पहिली ओपन मीटिंग बायकोने किंवा भावाने एकट्याने बघून यावी आणि घरी येऊन एवढंच सांगावं, 'मी जाऊन आले, माणसं बरी आहेत.'

ए.ए.च्या नावाने कोणी प्रवेश फी, डिपॉझिट किंवा 'हमखास दारूमुक्ती'ची बोली लावली तर ती ए.ए. नव्हे. केंद्रात दाखल करायची वेळ आलीच तर नोंदणीचा कागद बघायला मागा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक विकारही येतात, त्यामुळे अशा केंद्राला नोंदणी लागते. मारहाण, साखळी, घरच्यांना भेटू न देणं दिसलं की माणूस बाहेर काढा.

बांदा, सातार्डा, दोडामार्गच्या माणसाला गोव्यातल्या मीटिंगा जवळ पडतात. त्या इंग्रजी-कोंकणीत चालतात. मालवणी बोलणाऱ्याला कोंकणी समजायला वेळ लागत नाही. मात्र परतीच्या वाटेवर स्वस्त बाटल्यांची दुकानं ओळीने लागतात, तेव्हा पहिले काही महिने सोबत घेऊनच जावं.

मुंबईहून गणपतीला किंवा शिमग्याला येणाऱ्या सोबर, म्हणजे दारू सोडलेल्या, चाकरमान्याने सुट्टी मंजूर होताच गावाकडच्या सभासदाचा नंबर आपल्या ग्रुपकडून मागून घ्यावा. नेमकी सणात इथली मीटिंग बंद असते, शाळेला कुलूप आणि सभासदांच्या घरी गणपती. पण दोघे सोबर जिथे बसले तिथे मीटिंग, हे ए.ए.त सगळेच मानतात. विसर्जनाच्या आदल्या दिवशी कोणाच्या पडवीत अर्धा तास बसलं तरी चालतं.

नवा ग्रुप काढायलाही दोघेच लागतात. दोन माणसं, एक ठरलेला वार, भाड्याने मिळणारी खोली, मुख्य कार्यालयात नोंदणी, आणि तिथून मागवलेली मराठी पत्रकं. बंद पडतो तो बहुधा एकाच कारणाने. बालवाडीची किल्ली एकाकडेच असते, तो मुलीच्या लग्नासाठी आठवडाभर मुंबईला जातो, आणि तीन माणसं पायरीवर बसून घरी परततात. किल्ली पहिल्याच दिवशी दोन करून घ्यावी, आणि दुसरी त्याच वाडीत राहणाऱ्याकडे द्यावी.